जहाजात दिवस मावळत नाही

मला खोटी म्हणाले, त्याचा राग अजून गेलेला नाही. अडाणी म्हणाले असते तर मी गप्प बसले असते. चौथीनंतर माझी शाळा सुटली, ते कशाला नाकारू? पण खोटी? ज्या लोकांशी मी दोन वर्षं रोज संध्याकाळी बोलले, त्यांनी एका दिवसात ठरवून टाकलं की अशी बाई कुठं नाहीच.

आमचं गाव विट्याच्या पुढं. इकडची माणसं गलाईच्या धंद्याला देशभर पांगलेली आहेत. सोनारांकडचं मिसळीचं सोनं आटवायचं, त्यातलं शुद्ध सोनं काढून द्यायचं, हा तो धंदा. आमच्या मालकांचं दुकान आसामात होतं. लग्न झाल्यावर मी तिकडं गेले आणि पुष्कळ वर्षं दुकानाच्या माडीवरच्या एका खोलीत राहिले. मला मराठीतसुद्धा चारचौघांत बोलताना घाम फुटतो, तिकडची भाषा काय बोलणार? खिडकीच्या मागं बांबूचं बेट होतं, त्याच्या मागं तळं होतं. त्या तळ्यावरचे पक्षी आणि घरातला टीव्ही, एवढीच मला सोबत.

त्या टीव्हीवर ती मालिका पहिल्यांदा बघितली. परदेशातली, पण हिंदीत बोलणारी. पृथ्वी सोडून निघालेलं एक मोठं जहाज आणि त्यात जन्मलेली माणसं. त्यांनी पृथ्वी कधी बघितलेलीच नाही. दिव्यांच्या उजेडात भाजी पिकवतात आणि म्हातारी माणसं सांगतील त्यावर विश्वास ठेवतात, की समुद्र असा असतो, डोंगर असा असतो. मालक म्हणायचे, "हे काय भुताखेताचं बघत बसतीस?" मी म्हणायचे, "भुतं न्हाईत, बिऱ्हाड घेऊन निघालेली मानसं हाईत." मला ती माणसं परकी वाटली नाहीत. आमची आसामात वाढलेली पोरं विट्याचा बाजार असाच ऐकून ऐकून ओळखायची.

धाकट्या दिरांनी दुकान हातात घेतलं तसे आम्ही गावी आलो. आता त्या मालिकेचे भाग फोनवर येतात, रोज आठ वाजता एक. सगळे संपले की पुन्हा पहिल्यापासून. दिरांची मुलगी सांगलीला कॉलेजात आहे, तिनं मला एका ग्रुपमध्ये घातलं. मराठी माणसांचा ग्रुप. वर लिहिलं होतं, 'अंतराळ मालिका, निसर्ग, छंद आणि गप्पा'. गप्पा हा शब्द त्यांनीच लिहिला होता. मी काही पदरचा घातला नाही. त्या ॲपवर कुणाचा नंबर दिसत नाही, ज्यानं त्यानं ठेवलेलं नाव तेवढं दिसतं. माझा फोन दुकानाचा जुना, म्हणून माझ्या नावाच्या जागी आसामच्या पत्त्यासकट दुकानाचं नाव होतं आणि चित्र सोन्याच्या लगडीचं. ते बदलायचं माझ्या कधी मनातही आलं नाही.

तिथंच अक्का भेटल्या.

अक्का मिरजेच्या पुढं कर्नाटकाच्या अंगाला राहतात. वयानं माझ्याहून बऱ्याच मोठ्या. त्यांचा पानमळा आहे, विड्याच्या पानांचा. शेवगा, शेवरी, पांगारा लावून त्यावर वेली चढवलेल्या. त्या जैन, म्हणून दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण आटोपतं. आठ वाजता मालिका लागते तेव्हा त्या भांडीकुंडी आवरून निवांत बसलेल्या असतात. आमच्याकडं नेमक्या आठ वाजता तव्यावर भाकरी असते. मला अर्धामुर्धा भागच दिसायचा. मग अक्का ग्रुपवरच माझ्यासाठी आवाज भरून पाठवायच्या. मी फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि भाकरी थापत ऐकायची.

"बाई गं, तुज्या भाकरी हुईस्तवर सांगते. ती डाक्टरीन न्हाई का, तिला कळलं बघ, खालच्या मजल्यावर बी मानसं ऱ्हात्यात. आता तिचं तोंड कसं झालंय म्हनशील, तर आमच्या मळ्यात शेळ्या शिरल्यावर माजं हुतंय तसं झालंय."

मी हसले की मालक पलीकडून विचारायचे, "कोन हाय गं?" मी म्हणायची, "अक्का."

मालिका झाली की दुसरं काहीही निघायचं. त्यांच्या पांगाऱ्यावर कुठले पक्षी आले, माझ्या परसात वालाच्या शेंगांना कीड लागली, त्यांचा डावा गुडघा, माझी कंबर. यंदा आमच्या बोअरच्या पलीकडं माळावर टिटवीनं उघड्यावर अंडी घातली होती. घरटं म्हणजे काय, चार खडे सरकवलेले, बस्स. कुत्र्याचा पाय पडेल, ट्रॅक्टरचं चाक जाईल, या काळजीनं मी भोवती काट्याच्या फांद्या रोवल्या होत्या. अक्का रोज विचारायच्या, "अंडी हाईत का गं? निघाली का पिल्लं?" घरातल्या कुणी एकदाही विचारलं नाही.

आणि मग तो भाग आला, ज्यात जहाजातली माणसं एका लांब टेबलाभोवती जेवायला बसतात. भाग संपल्यावर अक्कांनी या वेळी ग्रुपवरच्या सगळ्यांनाच उद्देशून आवाज पाठवला. "मला कुनीतरी सांगा रं बाबांनो. ह्या जहाजात दिवस मावळतच न्हाई. मग आमच्यासारक्यांनी जेवायचं कवा?"

मी हातातलं पीठ झटकून थांबले. दोन वर्षांत इतका चांगला प्रश्न त्या ग्रुपवर कुणी विचारला नव्हता. जहाजाचं इंजिन कशावर चालतं, बंदुकीतून किरण कसा निघतो, यावर तिथं पानंच्या पानं लिहिली जायची. पण त्या जहाजात राहायचं कसं, सकाळी उठायचं कधी, उपास सोडायचा कधी, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मला आसाम आठवला. थंडीत तिकडं पाचच्या आतच अंधार पडतो. आमच्या दुकानाखाली एक मारवाडी जैन कुटुंब होतं, ते तिथल्या दिवसाप्रमाणं चार-साडेचारलाच जेवून घ्यायचे. मारवाडात त्या वेळी अजून ऊन असेल, पण त्याचा ते विचार करायचे नाहीत. मी तिथंच अक्कांना लिहिलं, जिथं आपण असतो तिथला सूर्य धरायचा, असं मी बघितलं आहे. पण जहाजाच्या डोक्यावर कुठलाच सूर्य नाही.

अक्कांचं लगेच उत्तर आलं. "तसं कसं? चांदण्या म्हंजे सूर्यच की. नातू सांगतोय. मग भवतीनं सगळे सूर्यच हाईत, म्हंजे कवाबी जेवा!" आणि थोड्या वेळानं दुसरा आवाज, "पर बाई, खिडकीतनं बघितलं तर भाईर काळंकुट्ट हाय. म्हंजे कायमचीच रात. मग कवाच जेवायचं न्हाई का काय?"

मी पोट धरून हसले. आणि हसता हसता खरंच विचारात पडले. बाहेर सगळीकडं सूर्य आणि सगळीकडं अंधार. तिथं दिवस म्हणायचा की रात्र? भाकरी करपली तरी माझा विचार चालूच होता.

तेवढ्यात बाकीचे आले. पहिल्यांदा नुसती हसणारी तोंडं. मग एकानं लिहिलं, "आजी, अंतराळात पोचलेल्या माणसांना असले प्रश्न पडत नाहीत." दुसऱ्यानं लिहिलं, "जहाजात पानमळाही लावू या, जेवणानंतर विडा मिळेल." त्याच्याखाली पुन्हा हसणारी तोंडं. आणि मग ग्रुप चालवणारा जो गृहस्थ होता, त्यानं लिहिलं, "कृपया इथे धर्म आणू नका. हा विज्ञानाचा ग्रुप आहे. आवाजाचे मेसेजही बंद करा, ऐकायला कुणाला वेळ नाही."

अक्का म्हणाल्या, "चुकलं बाबा. माफ करा."

त्या माफीनं माझं डोकं फिरलं. त्या बाईचं काय चुकलं होतं? मालिका बघून मालिकेतलाच प्रश्न विचारला. हेच एखाद्या डॉक्टरानं इंग्रजी शब्द घालून विचारलं असतं तर सगळ्यांनी अंगठे वर केले असते. वय साठीच्या पुढं, दिवसभर मळ्यात वाकून आलेली बाई, पोराटोरांची माफी मागते! मी आजवर ग्रुपवर कुणाला उलट बोलले नव्हते. त्या संध्याकाळी एकेक अक्षर शोधून लिहिलं, "त्यांनी धर्म सांगितला नाही. प्रश्न विचारला आहे. उत्तर माहीत असेल तर द्या. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा."

पाठवून मी उरलेली भाकरी तव्यावर टाकली.

उत्तर कुणी दिलं नाही. त्याऐवजी ग्रुप चालवणाऱ्यानं मलाच विचारलं, "आपण कोण? हे दुकानाचं नाव कसलं? ग्रुपवर फसवणारे लोक शिरतात. आपलं नाव, शिक्षण, व्यवसाय आणि फोटो टाका."

मग सगळेच सुटले. "दुकान आसामचं आणि बोलणं मराठी, काहीतरी गडबड आहे." "सोन्याचं चित्र लावलंय, उद्या स्वस्तात सोनं देतो म्हणतील." आणि एक शहाणा तर म्हणाला, "मला वाटतं ही आजी आणि हे दुकानवाले, दोन्ही एकच माणूस आहे. आपणच प्रश्न विचारतो आणि आपणच उत्तर देतो."

ग्रुपमध्ये फलटणकडचे एक गृहस्थ होते. उसाचे, कारखान्याचे फोटो टाकायचे. कधी त्यांच्या फोटोखाली मी 'छान' लिहिलेलं होतं. त्यांना गलाईचा धंदा माहीत नसेल? साताऱ्या-सांगलीकडच्या कुठल्याही माणसाला विचारा, तो सांगेल की आमची माणसं आसामात काय करतात. त्यांनी एक ओळ लिहायची होती, 'अहो, विट्याकडची माणसं असतील.' संपलं असतं. ते सगळं वाचत होते, नावापुढं हिरवा ठिपका दिसत होता. शब्द काढला नाही. हसणाऱ्यांपेक्षा मला त्यांचा जास्त राग आहे.

नाव टाकायचं म्हणजे अनोळखी पुरुषांत नाव टाकायचं. फोटो तर बाजूलाच. शिक्षणाच्या जागी मी 'चौथी' लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. एवढ्यात मालकांनी जेवायला हाक मारली. ताटं वाढून परत बघते तर ग्रुपच नाही. मला काढलं होतं. त्या ॲपची रीत अशी की काढलं की मागचं सगळं बोलणंही जातं. डाक्टरीण, पांगारा, टिटवी, सगळं. आणि अक्काही.

सकाळी मी मालकांना म्हणाले, "आवं, मिरजेला जाऊया का एकदा?"

"कशाला?"

"एका बाईला भेटायला."

"कोन बाई?"

"नाव न्हाई म्हाईत."

ते असे हसले की कपातला चहा धोतरावर सांडला. "बरं, गाव?"

"मिरजेच्या फुडं."

रविवारी दिरांची मुलगी आली, तीही हसली. "काकू, मिरजेच्या पुढं अख्खं कर्नाटक आहे! दोन वर्षं बोलताय आणि नाव विचारलं नाही? त्यांनी फोनवर काय नाव ठेवलंय, सांगा. मी शोधते."

"जय जिनेंद्र," मी म्हणाले.

तिनं ते घातलं. बोट वर सरकवत राहिली आणि 'जय जिनेंद्र' येतच राहिले. व्यापारी, मंदिरं, लग्नाचे फोटो, लहान मुलं. तिनं फोन खाली ठेवला. "काकू, यांची ओळख तुम्हाला नाहीच म्हणायची."

ओळख नाही? आमच्याकडं बाईला नाव कोण विचारतं? कुठल्या तुम्ही, माहेर कुठलं, मुलं काय करतात, असं विचारतात आणि जन्मभर त्यावर भागतं. मला अक्कांचं माहेर माहीत आहे, त्यांच्या विहिरीला दुष्काळातही पाणी असतं ते माहीत आहे. वेली उतरवायच्या दिवसांत त्यांचा गुडघा जास्त दुखतो. त्या रागावल्या की कुणाशी भांडत नाहीत, घासलेली पितळी भांडी पुन्हा घासायला काढतात. थोरली मुलगी गेली, त्याबद्दल त्या एकदाच बोलल्या आणि मग लगेच म्हणाल्या, "लाव तुजी मालिका." मला हे सगळं ठाऊक. ग्रुपवरच्या शिकलेल्या माणसांची नावं, शिक्षणं, व्यवसाय सगळ्यांना ठाऊक, पण संकटात कोण कुणाच्या बाजूनं बोललं? मग खोटी ओळख कुणाची?

त्याच आठवड्यात टिटवीची पिल्लं निघाली. कापसाच्या बोंडाला पाय फुटावेत तशी. जन्मल्या जन्मल्या धावतात. मी काट्यांच्या फांद्या बाजूला केल्या आणि तिथंच दगडावर बसले. सांगायला कुणी नव्हतं. मालकांना सांगितलं तर ते "हां" म्हणाले. ज्या बाईनं एवढे दिवस चौकशी केली, तिला ही गोष्ट कळू नये, याचा मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

मालकांच्या ते लक्षात आलं असावं. जेवताना म्हणाले, "मी आसामात पैल्यांदा गाळा घेतला तवा लोक म्हनायचे, ह्यो परमुलखाचा, सोनं घिऊन पळंल. कायबी म्हनायचे."

"मग तुमी काय केलं?"

"काय करायचं? रोज सकाळी शटर उघडायचो."

एवढं बोलून त्यांनी आमटी मागितली.

मालिकेचा भाग जिथं लागतो तिथं खाली कुणालाही लिहिता येतं. ते सगळ्या जगाला दिसतं, म्हणून मी तिकडं कधी फिरकले नव्हते. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या आधीच उरकल्या आणि आठ वाजता तिथं लिहिलं, "पानमळ्यातल्या अक्का, टिटवीची पिल्लं निघाली. जहाजात अजून दिवस मावळला नाही. तुमचं जेवण झालं का?"

कुणी विचारलं, "कोण अक्का?" एकानं हिंदीत लिहिलं, "आंटीजी, ये घर का फोन नहीं है." कुणी नुसतंच हसलं. गावातल्या कुणाच्या नजरेला पडलं तर काय, ही धास्ती होतीच. पण दुसऱ्या दिवशीच्या भागाखाली मी पुन्हा लिहिलं, तिसऱ्या दिवशीही. पिल्लं बोअरपर्यंत येतात. डाक्टरीण आज खालच्या मजल्यावर गेली, तुम्ही बघितलं का? वालाच्या किडीवर राख टाकली. रोज एक. हसणारे हसून दमले.

आणि एका संध्याकाळी, मी लिहायच्या आधीच, भलत्याच नावानं खाली लांबलचक मजकूर आला होता.

"बाई गं, तूच का? ही सून लिहितीय, मी सांगतीय. मला बी काढलं गं त्यांनी. म्हनले, तुमी दोगी एकच हाय. मी सूनंला म्हनलं, एकच असलो तर गुडघा माजा एकटीचाच का दुखतोय? तिचा बी अर्दा दुखाय पायजे की! किती पिल्लं? कावळ्यानं न्हेली न्हाईत न्हवं? आनि नाव काय गं तुजं? लोक इच्यारत्यात तर मला सांगता येईना."

मी ते मालकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग सांग की नाव." मी सांगितलं. तिथंच, सगळ्यांच्या देखत. एकदाही खोडलं नाही.

आता आमचं तिथंच चालतं. आठ वाजता भाग लागतो आणि आमच्या शेंगा, गुडघे, पक्षी सगळं जगाच्या डोळ्यांदेखत. दोघी-चौघी अनोळखी बायाही येऊन बसल्या आहेत. त्यातली एक म्हणाली, निघताना आपल्या गावची जी वेळ होती तीच धरून जेवावं. अक्कांना ते पटलेलं नाही. "मानूस हितं आनि पोट गावाला, असं कसं चालंल?" म्हणतात. वाद मिटलेला नाही.

मागच्या आठवड्यात तो ग्रुप चालवणारा गृहस्थही तिथं आला. त्यानं अंगठा वर केला आणि लिहिलं, "छान चर्चा! असेच विषय हवेत. ग्रुपवर परत या."

माफीचा एक शब्द नाही. माझ्यासाठी नको होता, पण अक्कांनी मागितलेली माफी त्यानं परत करायची होती. मी पीठ मळायचं सोडून, हात धुऊन, सावकाश लिहिलं, "आधी आपलं नाव, शिक्षण, व्यवसाय आणि फोटो टाका."

अक्कांच्या सुनेनं नुसती हसणारी तोंडं पाठवली, मोजता न येण्याइतकी. त्या गृहस्थानं थोड्या वेळानं आपलं लिहिलेलं काढून टाकलं. मला वाईट वाटलं नाही.

आज दिवस मावळायच्या जरा आधीच अक्कांचा निरोप आला. "डाक्टरनीचं तू बघून ठेव, मला मळ्यातनं यायला उशीर झालाय, आठाच्या आत आवराआवर हुनार न्हाई. आता आदी जेवते. दिवस चाललाय. हितला."